सहयोगी, फितूर आणि कोमट पाणी

प्रश्न: 'जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये क्लूझो हा नाझींचा सहयोगी दिग्दर्शक होता,' असं वाक्य एका मराठी लेखात वाचलं. इथे 'जर्मनव्याप्त' म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर: 'व्याप्त'कडे येतोच. पण त्याच वाक्यातला 'सहयोगी दिग्दर्शक' आपल्या घशाखाली उतरला कसा? आपल्याकडे हे पद पाट्यांवर झळकतं, त्याचं मानधन मिळतं. हे वाक्य वाचून वाटतं, नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स कॅमेऱ्यामागे उभा आहे आणि क्लूझो त्याच्यासाठी जमाव आवरतोय!

इंग्रजी 'कोलॅबोरेटर'साठी शब्दकोश उघडायचा, पहिला अर्थ उचलायचा, असं भाषांतर गेली कित्येक वर्षं ऐकतोय. खुद्द फ्रेंचांनी हा घोळ टाळलाय. 'कोलाबोरातर' हा त्यांच्याकडे आजही कचेरीतला साधा सहकारी. शत्रूशी हातमिळवणी करणाऱ्याला ते शब्द तोडून, तुच्छतेनं 'कोलाबो' म्हणतात. गंमत म्हणजे या शब्दाला राजमान्यता दिली ती मार्शल पेतांनं, म्हणजे जर्मनांपुढे नमलेल्या, व्हिशी गावातून चालणाऱ्या फ्रेंच सरकारच्या प्रमुखानं. हिटलरला भेटून आल्यावर 30 ऑक्टोबर 1940 च्या रेडिओ भाषणात त्यानं आपण 'कोलाबोरासिओं'च्या वाटेनं निघाल्याचं जाहीर केलं. म्हणजे शिवी होण्याआधी तो सरकारी शब्द होता.

मराठीत 'कोलाबो'ला शब्द नाही म्हणता? फितूर! 'घरभेदी' आहे, 'सूर्याजी पिसाळ' तर विशेषनामाचं सामान्यनाम होऊन बसलंय, पण फितूरची सर कशाला नाही. वर्तमानपत्रांनी तो साक्षीदारांपुरता उरवलाय, हे आपलं दुर्दैव.

हा शब्द मुळात अरबी 'फुतूर'. अर्थ गद्दारी नव्हे, तर ढिलेपण, जोर ओसरणं. त्याच धातूतून आलेला 'फातिर' म्हणजे कोमट! हिंदीवाल्यांनी फितूरचं डोक्यातलं खूळ केलं, आपण दगाबाजी केली. माझं मत असं की आपण मूळ अर्थ हरवला नाही, पुढे नेला. किल्लेदार एका रात्रीत शत्रूचा होत नाही. आधी त्याची निष्ठा कोमट होते, दिंडी दरवाजा त्यानंतर उघडतो. माझे एक प्राध्यापक स्नेही 'फितूर हा फितन्यातून (म्हणजे बंडाळीतून) आला' असं प्रत्येक व्याख्यानात ठोकून देतात. फितन्याचा धातू फ-त-न, फितूरचा फ-त-र. 'न'चा 'र' कुठल्या नियमानं झाला, ते त्यांनी एकदा सांगावं. दहा वर्षं विचारतोय.

आता क्लूझो. 1940 साली जर्मनांनी पॅरिसमध्ये 'काँतिनाँताल' ही चित्रपट कंपनी काढली. पैसा जर्मन, प्रमुख आल्फ्रेड ग्रेवन, कलावंत फ्रेंच, सिनेमे 30. तिथेच 1943 मध्ये क्लूझोनं 'ल कोर्बो' केला. कोर्बो म्हणजे डोमकावळा. एका गावात या सहीची निनावी पत्रं फिरतात आणि गाव एकमेकांच्या उरावर बसतं. जर्मनांकडे चुगलीची पत्रं पोचत होती त्याच काळात हा सिनेमा! जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या प्रतिकारवाल्यांनी त्याला फ्रान्सची बदनामी म्हटलं, व्हिशीच्या सनातन्यांनाही तो रुचला नाही. फ्रान्स जर्मनांपासून सुटल्यावर क्लूझोवर आजन्म बंदी आली, ती पुढे दोन वर्षांवर उतरली आणि 1947 मध्ये तो परतला. पैसा शत्रूचा, सिनेमा शत्रूच्या हस्तकांवरच उलटणारा. याला फितूर म्हणा, पण मूळ अरबी अर्थानं. कोमट. (फ्रेंचमध्ये निनावी पत्रं धाडणाऱ्याला आजही 'कोर्बो' म्हणतात. आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणे येतात, तिकडे पोलीस.)

आणि 'सहयोगी' वापरायचाच असेल तर तो दिग्दर्शक मार्सेल कार्नेच्या 'लेझाँफाँ द्यु पारादी'साठी राखून ठेवा. 3 ऑक्टोबर 1940 च्या व्हिशी कायद्यानं ज्यूंना चित्रपटधंद्यातून हाकललं होतं. तरी या सिनेमाचं नेपथ्य लपून राहणाऱ्या अलेक्सांद्र त्रोनेरनं रचलं, संगीतात जोसेफ कोस्मानं हात दिला. बाहेर दाखवायला नावं दुसऱ्यांची. मार्च 1945 मध्ये, पॅरिस सुटल्यावर, सिनेमा लागला तेव्हा या दोघांच्या नावांशी 'भूमिगत असताना' अशी नोंद होती. याला म्हणतात सहयोग.

हां, 'व्याप्त'. 'पाकव्याप्त'मुळे हे शेपूट अंगवळणी पडलंय. पण व्यापणं म्हणजे सगळीकडे भरून उरणं, धुरानं खोली व्यापते तसं. नोव्हेंबर 1942 पर्यंत जर्मन फौजा फ्रान्सच्या उत्तर भागात आणि अटलांटिक किनाऱ्यावरच होत्या, दक्षिण व्हिशीकडे होती. 'जर्मन अंमलाखालचा' लिहा. तेही तारीख पाहून. कार्नेनं ऑगस्ट 1943 मध्ये नीसला चित्रीकरण सुरू केलं, तेव्हा तिथे अंमल इटालियनांचा होता.