कुर्डूची जुडी आणि पंचेचाळीस लाखांचा तक्ता

प्रिय मुली,

रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर तू लॅपटॉप उघडलास आणि मला तुझ्या संशोधन अनुदानाच्या अर्जातला सगळ्यात आधी बजेटचा तक्ता दाखवलास. पंचेचाळीस लाख. तुझा प्रश्न काय आहे ते मला पार खाली, सतराव्या पानावर सापडलं, तेही 'मायक्रोबायोम' (आतड्यातले जिवाणू) या शब्दाच्या आड दडलेलं. तू रडवेली झाली होतीस म्हणून मी तेव्हा गप्प बसले. घरी आल्यापासून चैन नाही, म्हणून लिहिते आहे.

एम.एस्सी.ला असताना तू एका पावसाळ्यात जांभळी नाक्यावरून कुर्डूची जुडी घेऊन थेट लॅबमध्ये आली होतीस. पाऊस निथळत होता तुझ्या छत्रीतून. "मॅडम, शहापूरकडच्या बायका पावसाळाभर ही भाजी खातात. हिच्यात लोह भरपूर म्हणतात. मग त्यांचं हिमोग्लोबिन का वाढत नाही?" हा प्रश्न तीस वर्षं शिकवूनही मला सुचला नव्हता. तो कुठे गेला ग?

एकदा प्रपोजल परत आलं, परीक्षकाने 'नावीन्य नाही' असा शेरा मारला, एवढ्यावर तू प्रश्नच बदलायला निघालीस. नावीन्य! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. प्रश्न जुना आहे, पण सुटलेला नाही. पुढच्या वेळी हे पहिल्या पानावर लिही, सतराव्या नव्हे.

आणि लागेल तेवढंच माग.

तुझ्या विभागप्रमुखांचं म्हणणं मला कळतं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाईलला मोठा आकडा हवा असतो. संशोधनाला पैसे देणाऱ्या सर्बचं काम २०२३च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान फाउंडेशनकडे गेलं, योजनांची नावं बदलली, रकमा वाढल्या, तर आपणही मोठी उडी मारावी असं सगळ्यांनाच वाटतं. पण त्यांना आकडा हवा आहे आणि तुला उत्तर. तुझ्या उत्तराला काय लागतं ते आपण दोघींनी मोजू या.

आधी हे पाहा की भाजीतलं लोह भाजीचंच आहे का. पानावरची तांबडी माती नीट धुतली गेली नाही, तर तिच्यातलं लोहही पानाच्या खात्यावर जमा होतं. तेव्हा तीच जुडी बायका धुतात तशी एकदा आणि डिआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने तीनदा, अशी दोन्हीकडून तपास. काचसामान नायट्रिक आम्लात बुडवून ठेवायचं, नाहीतर तू तुझ्या बीकरचंच लोह मोजशील. एकूण लोहासाठी नमुने पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात पाठव. तिथे नमुन्यामागे शुल्क भरून काम होतं. खरा मुद्दा त्याच्या पुढचा आहे: त्यातलं शरीराला मिळतं किती? पोटातलं पचन काचेत करून बघ: जठरातलं पेप्सिन, मग डायलिसिसची नळी, मग स्वादुपिंडाचं पॅन्क्रिएटिन; नळीच्या आत झिरपतं ते शरीराला मिळण्याजोगं लोह. शेकर वॉटर बाथ, पीएच मीटर आणि तुमच्याकडे आहे तोच स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढ्यावर हे होतं. आणि भाजी शिजवलेली घे. लोखंडी कढईतली, हरभऱ्याच्या डाळीबरोबरची, भाकरीबरोबरची, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर काय होतं तेही. कच्ची कुर्डू कोणी खात नाही, पण पेपर सगळे कच्च्या पानांवरच लिहिलेले दिसतात! शेवळं ही रानभाजी काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची, म्हणजे तिची खाज जाते, हे कुठल्या प्रयोगशाळेने सांगितलेलं नाही. त्या बायकांच्या हाताला जे ठाऊक आहे त्याला तुझ्या बजेटमध्ये एकही ओळ नाही. प्रवासाखाली तू काय लिहिलं आहेस? परिषदेचं विमान.

रक्त इतक्यात घेऊ नकोस. त्याला एथिक्स कमिटी लागते आणि लागायलाच हवी. शिवाय रक्तक्षयाच्या मागे जंत असतात, बी-१२ असतं, सिकलसेल असतो. ते सगळं अंगावर घेतलंस की पुन्हा पंचेचाळीस लाखांवर जाशील. एक मुलगी फेलोशिपवर घे. तिला २०२३पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं मिळतं, आणि तिथे मात्र एक रुपयाही कमी करू नकोस. लागेल तेवढंच माग म्हणजे मुलीला उपाशी ठेव असं नव्हे.

मी हे इतकं हट्टाने का सांगते, ते तुला कधी सांगितलं नाही.

माझी पहिली मोठी ग्रांट आली तेव्हा मी तुझ्याहून थोडीच मोठी होते. माझाही प्रश्न साधा होता, नाचणीचा. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पण धान्यातल्या फायटेटने ते अडकतं, मग त्यातलं अंगी किती लागतं? आंबील केली, मोड आणले तर किती वाढतं? त्याला यंत्र लागत नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, धातू मोजणारं अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्र माग, एवीतेवी देतायत. मी मागितलं. कोटेशनं, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, खरेदी समिती यांत दीड वर्ष गेलं आणि मार्चअखेर पैसे परत जातील या धास्तीने यंत्र घाईघाईने आलं. त्यात प्रत्येक धातूला वेगळा दिवा लागतो; लोहाचा आला, कॅल्शियमचा आलाच नाही. अ‍ॅसिटिलिनच्या सिलिंडरला जागा नव्हती, धूर बाहेर काढायला डक्ट नव्हता. वॉरंटी संपली, एएमसीला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराला, पैसा नव्हता. डेड स्टॉक रजिस्टरात त्याचा नंबर पडला आणि मी निवृत्त होईपर्यंत ते प्लास्टिकच्या कव्हराखाली होतं. पाड्यावरच्या ज्या बायकांनी मला अंबाडीचं, आंबिलीचं, सगळ्याचं नीट सांगितलं, चुलीपाशी बसवून खाऊ घातलं, त्यांना मी म्हटलं होतं, "निकाल आला की सांगायला येते." मी गेले नाही. निकालच नव्हता.

त्यानंतर मला तीन प्रकल्प मिळाले, तिन्ही छोटे. एकात पैसे उरले ते मी परत केले. अकाउंट्सवाले चिडले, कारण खर्चाच्या दाखल्यात, युटिलायझेशन सर्टिफिकेटमध्ये, अखर्चित रक्कम दाखवली की पत्रव्यवहार वाढतो. एक सहकारी म्हणाले, तुमच्यामुळे पुढच्यांना कमी मिळेल. माझी बढती लांबली, कारण रकान्यात रक्कम लहान होती. लोक अजून म्हणतात की बाईंची झेप नव्हती. म्हणोत. तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत, ज्यांच्यावर काम केलं त्यांना ती मी त्यांच्या भाषेत जाऊन सांगितली आहेत, आणि यात मी चुकले असं मला आजही वाटत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी म्हणते, आधी आपला पाय किती लांब ते बघ, मग तेवढंच अंथरूण माग.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८मध्ये कुन्नूरला एका खोलीत सुरू झाली, एका प्रश्नासाठी: बेरीबेरी हा आजार. पुढे त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत आपल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनी काम केलं. १९३९ची केंब्रिजची पीएच.डी. पदरी असलेली ही बाई नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरेवर काम करत राहिली. आदिवासी पोरांना आणि गरोदर बायकांना परवडेल असं पोषण त्यांना त्यात दिसलं होतं. ताडामाडाचा रस! त्यांना तुझ्या परीक्षकाने काय शेरा मारला असता?

असो. रागावले, कारण तो प्रश्न तू माझ्या टेबलावर ठेवला होतास आणि तो मी माझाही मानला आहे.

तक्ता पुसून टाक. प्रश्नापासून पुन्हा लिही आणि प्रत्येक आकड्यासमोर तो का लागतो ते एका वाक्यात लिही. वाक्य जमलं नाही तर आकडा काढ. विभागप्रमुखांशी मी बोलायला तयार आहे, पण आधी तू बोल.

पहिला चांगला पाऊस झाला की कुर्डू, टाकळा वर येईल. सकाळची कसारा लोकल धरू, आसनगावला उतरू. डिआयोनाइज्ड पाण्याचा कॅन तू आण, पिशव्या आणि मार्कर मी आणते. तुझे नमुने झाले की वाटेत त्या पाड्यावर थांबू. त्यातल्या कोणी आता असतील की नाही, माहीत नाही. निकाल आला नाही, एवढं तरी मला सांगायचं आहे.

तुझी,
मॅडम