घरातल्या वायरिंगमुळे सीडी प्लेयरचा लेसर लवकर जातो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमध्ये नवीन वायरिंग झाल्यापासून वडिलांचा सीडी प्लेयर कधी डिस्क घेतो, कधी 'नो डिस्क' म्हणतो. दुरुस्तीवाला म्हणाला, "लेन्स गेली, व्होल्टेजने खाल्ली." मित्र म्हणतो, जाड तांब्याची महागडी पॉवर कॉर्ड घे, लेसर दुप्पट टिकेल.

कॉर्ड घेऊ नका. भिंतीपासून प्लेयरपर्यंतची वायर कितीही जाड केली तरी लेसरला त्याचा पत्ताही लागत नाही. डब्याच्या आतल्या दोन-तीन वायरी मात्र लेसरचा जीव घेऊ शकतात, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. मी बरीच वर्षं बुधवार पेठेत दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय, त्या भरवशावर सांगतो.

आधी 'लेन्स' या शब्दाचा घोळ. आपल्याकडे ज्याला लेन्स म्हणतात तो अख्खा पिकअप असतो. वरची इवलीशी भिंगाची टिकली, तिला हलवणाऱ्या कॉइल, परत आलेला उजेड बघणारा सेन्सर आणि सगळ्यात आत लेसर डायोड. यातला खरोखर जुना होत जातो तो डायोड. ७८० नॅनोमीटरचा उजेड देतो, डोळ्याला जेमतेम लालसर ठिपका दिसतो. त्याला साधारण ४० ते ६० मिलिअँपिअर करंट पुरतो, आणि त्याच्यावर पडतात दोनेक व्होल्ट. पण नाजूक किती, तर ठरल्यापेक्षा बराच जास्त करंट सेकंदाच्या अब्जांश भागापुरता गेला तरी उजेड बाहेर पडतो ते त्याचं तोंड जळतं. त्यानंतर तो मिणमिणतो, पण डिस्क वाचण्याच्या कामाचा राहत नाही.

मग घरातले २३० व्होल्ट खालीवर झाले तर तो टिकतो कसा? कारण मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे, मोठा फिल्टर कॅपॅसिटर आहे, व्होल्टेज पाचवर धरून ठेवणारा रेग्युलेटर आहे, आणि या सगळ्यांच्या पुढे लेसरचा स्वतःचा राखणदार आहे. त्याला ऑटोमॅटिक पॉवर कंट्रोल म्हणतात, बोलीत एपीसी. लेसरच्याच डबीत मागच्या बाजूला एक छोटा फोटोडायोड बसवलेला असतो. किती उजेड पडतोय ते तो सांगतो आणि त्याप्रमाणे करंट कमीजास्त होतो. दुधाच्या पातेल्यावर नजर ठेवून गॅस बारीक-मोठा करणारी आजी समजा. लेसर म्हातारा झाला की तेवढ्याच उजेडाला जास्त करंट लागतो, आजी गुपचूप गॅस वाढवते. आपल्याला वर्षानुवर्षं काही कळत नाही, आणि मग एक दिवस सगळं एकदम थांबतं.

आता या आजीच्या डोळ्यावर हात ठेवला तर? फोटोडायोडकडून येणारी वायर तुटली किंवा लूज झाली, तर एपीसीला वाटतं उजेडच नाही, आणि ती गॅस पूर्ण सोडते. ही वायर म्हणजे पिकअपपासून बोर्डापर्यंत जाणाऱ्या चपट्या पट्टीतली एक रेघ. पिकअप आतून बाहेर सरकतो तेव्हा प्रत्येक डिस्कला ती पट्टी वाकते. वीस-पंचवीस वर्षांनी नेमकी वळणाच्या जागी रेघ चिरते, नाहीतर कनेक्टरमध्ये काळी पडते. म्हणून तुमचा प्लेयर उघडाल तेव्हा पहिली नजर त्या पट्टीवर टाका.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. शिकाऊ होतो तेव्हा चालू मशीनची पट्टी काढून परत खोचली, केसभर तिरकी. भिंगात लाल ठिपका एकदम ठसठशीत झाला आणि लगेच मंदावला. नवीन पिकअप आणायला तपकीर गल्लीत मलाच पाठवलं आणि पैसेही माझ्याच पगारातून गेले. तेव्हापासून प्लग काढल्याशिवाय पट्टीला हात लावत नाही. आणि हो, नवीन पिकअपवर दोन टोकं जोडणारा कथलाचा बारीक ठिपका असतो. तो कारखान्यातली चूक नाही. अंगातल्या स्थिर विजेने डायोड मरू नये म्हणून मुद्दाम दिलेला असतो. पट्टी बसवून झाल्यावरच तो काढायचा. मार्च-एप्रिलच्या पुण्याच्या कोरड्या हवेत टेरिकॉटचा शर्ट घालून हे काम करणाऱ्यांना मी हात जोडतो.

दुसरी वायर त्याहून छुपी, ती म्हणजे रेग्युलेटरचं ग्राउंड. कर्वेनगरचे एक काका प्लेयर घेऊन आले. तक्रार तुमच्यासारखीच, दहा मिनिटं छान वाजतो आणि मग डिस्क ओळखत नाही. आधी एका दुकानात पिकअप बदलून झाला होता, आठ महिन्यांत तोही तसाच. मी कव्हर काढलं, ५ व्होल्टच्या लाइनवर मीटर लावला, रीडिंग व्यवस्थित. मग स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने रेग्युलेटरच्या आसपास टिचक्या मारायला लागलो. एका टिचकीला काटा पाचवरून नवाकडे उसळला आणि परत आला. (डिजिटल मीटरवर हे दिसलंच नसतं, म्हणून काट्याचा जुना मीटर मी अजून विकलेला नाही.) भिंग लावून पाहिलं तर रेग्युलेटरच्या (त्याचा नंबर ७८०५) मधल्या पायाभोवतीच्या कथलाच्या डागात केसाएवढी गोल चीर. मधला पाय म्हणजे ग्राउंड. तो सुटला की रेग्युलेटरला पाच म्हणजे किती तेच कळत नाही, आणि आत येणारं जवळजवळ सगळं व्होल्टेज तो पुढे ढकलतो. रेग्युलेटर तापतो, निवतो, पाय त्याप्रमाणे हलतो आणि डाग चिरतो. अशा प्रत्येक उसळीला एपीसी सावरते खरी, पण ती सावरेपर्यंतचा क्षण लेसर सोसतो. सर्किटमधल्या आयसीही त्यातून सुटत नाहीत.

त्यांच्या पिकअपच्या लेबलावर शेवटचे तीन आकडे होते ४५७. सोनीच्या बऱ्याच पिकअपवर याचा अर्थ नवीन असतानाचा करंट ४५.७ मिलिअँपिअर. लेसरला करंट देणाऱ्या ट्रान्झिस्टरजवळ २२ ओहमचा रेझिस्टर होता. म्हणजे डिस्क वाजत असताना त्याच्या दोन टोकांमध्ये (करंट गुणिले ओहम) १ व्होल्ट मिळायला हवा. मिळाले १.४, म्हणजे जवळपास ६४ मिलिअँपिअर. लेबलापेक्षा दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी पिकअपला हात लावत नाही. इथे चाळीस टक्के. आठ महिन्यांत तो म्हातारा झाला होता. जुनं कथील ओढून काढलं, तिन्ही पायांना नवीन डाग दिले, मधल्या पायापासून फिल्टर कॅपॅसिटरच्या मायनसपर्यंत आखूड जाड वायर वेगळी टाकली, आणि मगच तिसरा पिकअप बसवला. काका म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या लेन्सचे पैसे पाण्यात." हो, पाण्यातच.

फिल्टर कॅपॅसिटर फुगलेला दिसला तर तो बदलाच. ट्रान्सफॉर्मरला किंवा रेग्युलेटरच्या हीटसिंकला खेटून बसलेले कॅपॅसिटर आधी वाळतात. पण त्याने बहुतेक वेळा प्लेयर गोंधळतो, गाणं तुटतं. लेसर मरत नाही.

आता भिंतीकडची बाजू, भराभर. फेज-न्यूट्रल उलटसुलट झाल्याने लेसरला काही होत नाही. बोर्डात प्लग ढिला बसत असेल तर सॉकेट बदला, ते मुख्यतः ठिणगी पडू नये म्हणून. पावसाळ्यात न्यूट्रल तुटून घरात २३०च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट आले, तर लेसरच्या आधी ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज जाईल, आणि फ्रीजही. चौकोनी वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर उलटा प्रकार होतो. मीटरवर २३० दिसले तरी त्याचं शिखर मेन्सच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या, ३२५ व्होल्टपर्यंत जात नाही, रेग्युलेटरला आत कमी मिळतं आणि प्लेयर डिस्क सोडतो. त्यालाही लोक 'लेन्स गेली' म्हणतात. नवीन वायरिंगबरोबर तुमचा प्लेयर इन्व्हर्टरच्या लाइनवर गेलाय का, हे इलेक्ट्रिशियनला जरूर विचारा, आणि नुसतं मेन्सवर लावून बघा. पोर्टेबल प्लेयर असता तर अडॅप्टरच्या टोकाचं प्लस-मायनस तपासायला सांगितलं असतं, तिथे खरंच घात होतो.

काहीही बदलण्याआधी प्लग काढून वरचं भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने, अजिबात दाब न देता पुसा. पिकअप सरकतो त्या रेल्सवरचं वाळलेलं ग्रीस काढा. माझ्याकडे 'लेन्स गेली' म्हणून आलेले कितीतरी प्लेयर एवढ्यावर परत गेलेत. पिकअपच्या कडेला स्क्रूसारखा बारीक प्रीसेट दिसेल, तो फिरवायचा मोह टाळा. त्याने उजेड वाढतो आणि चार दिवस प्लेयर गातो, पण ते आजीला 'गॅस मोठाच ठेव' म्हणून सांगण्यासारखं आहे. कव्हर उघडं असताना ट्रान्सफॉर्मरच्या आधीच्या भागात २३० व्होल्ट असतात, तिथे बोट नको, आणि चालू भिंगात डोळा घालून बघू नका.

हे करूनही 'नो डिस्क' येत असेल तर प्लेयरचं मॉडेल, पिकअपच्या लेबलावरचे शेवटचे तीन आकडे आणि लेसरच्या ट्रान्झिस्टरजवळचा तो रेझिस्टर किती ओहमचा आहे व त्यावरचं व्होल्टेज खाली लिहा. पिकअप घ्यायला तपकीर गल्लीत जायचं की कथलाचा एक डाग पुरेल, ते त्यावरून सांगता येईल.