क्रुश्चित्साचं बंड की क्रुश्चित्साचा उठाव?

प्रश्न असा आहे: बानात (आज सर्बिया, रोमानिया आणि हंगेरी यांत विभागलेला प्रदेश) इथल्या क्रुश्चित्सा या गावी १८०८ मध्ये सर्ब आणि रोमानियन गावकरी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यसत्तेविरुद्ध उठले आणि थोड्याच काळात ते प्रकरण मोडून काढलं गेलं. मराठीत याला बंड म्हणावं, उठाव म्हणावं की क्रांती? ‘बंड’ म्हटलं तर आपण सत्तेची बाजू घेतो, असं होतं का?

क्रांती आधी बाजूला काढू. राज्यव्यवस्था पालटली किंवा पालटण्याचा आराखडा पुढे ठेवला गेला, तर तो शब्द शोभतो. इथे तसं काही नाही. खरी निवड बंड आणि उठाव यांच्यातच आहे.

सर्बियन भाषेत या घटनेचं रूढ नाव ‘क्रुश्चिच्का बुना’ आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १८०७ मध्ये, ऑस्ट्रियाच्याच ताब्यातल्या स्रेम प्रांतात इलोकच्या जहागिरीतले शेतकरी तेओदोर अव्रामोविच तित्सानच्या पुढारीपणाखाली उठले, तीही ‘तित्सानोवा बुना’. याउलट सावा आणि डॅन्यूब नद्यांच्या दक्षिणेला, सर्बियात, काराजोर्जे या सर्ब पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली तुर्की सत्तेविरुद्ध १८०४ ते १८१३ जे चाललं, त्याला इतिहासकार ‘उस्तानाक’ म्हणतात. उस्तानाक हा शब्द ‘उस्ताती’ म्हणजे उठणे या क्रियापदावरून आला, अगदी आपल्या ‘उठणे’वरून ‘उठाव’ आला तसा. ‘बुना’च्या मुळाशी ढवळून काढणं, चिथवणं आहे. रोमानियनमध्ये दोन्हींसाठी ‘रस्क्वाला’ चालतो, आणि त्याच्याही पोटात उठणं आहेच.

एकाच लेखात १८०४ आणि १८०८ दोन्ही येणार असतील, आणि ते येतातच, तर दोन्हीकडे ‘उठाव’ लिहिल्यास वाचकाला फरक कळत नाही. नऊ वर्षं चाललेला, स्वतःचं प्रशासन उभं करणारा तो उठाव. काही गावांपुरतं पेटून विझलेलं ते बंड. माझा कौल म्हणून बुनासाठी ‘बंड’ आणि उस्तानाकसाठी ‘उठाव’.

‘बंड’ हा सत्तेचा शब्द आहे, ही भीती १८५७ मुळे बसली आहे. ‘शिपायांचं बंड’ या नावाला पुढे ‘स्वातंत्र्यसमर’ने आव्हान दिलं, १९४६ च्या मुंबईतल्या नाविकांच्या बंडालाही आता बरेच जण उठाव म्हणतात. पण मराठीत बंड पुकारतात, बंडाचं निशाण उभारतात, आणि असं म्हणताना तोंडात कौतुकही असू शकतं. तुच्छता येते ती सोबतच्या क्रियापदातून. ‘बंड माजलं’ लिहिलं की तुम्ही सरकारी अहवाल लिहू लागलात. ‘बंड केलं’, ‘बंड फसलं’, ‘बंड मोडलं’ यांत ती छटा नाही. सर्बांमध्येही ‘बुना’ हा बंडवाल्यांच्या बाजूचा शब्द आहे. १८०४ च्या उठावावरच्या प्रसिद्ध वीरगीताच्या नावातही ‘दाहियांविरुद्धची बुना’च आहे (दाहिया म्हणजे बेलग्रेडची सत्ता बळकावलेले तुर्की लष्करी सरदार).

‘बंड’ इथे आणखी एका कारणाने बसतो. क्रुश्चित्सा लष्करी सरहद्द प्रांतात, म्हणजे ऑस्ट्रियाने तुर्की सीमेवर राखलेल्या लष्करी पट्ट्यात, होतं. (‘वायव्य सरहद्द प्रांत’ मराठीत रुळलेला आहे, त्याच धर्तीवर हे नाव बेलाशक वापरा.) या प्रांताचा कारभार व्हिएन्नाच्या युद्धमंडळाकडे. गावकऱ्याला जमीन मिळे ती लष्करी चाकरीच्या बदल्यात, शिवाय वेठ असे. घराणी एकत्र कुटुंबाने राहत, त्यांची मालमत्ता कशी राखायची हे १८०७ च्या सरहद्द कायद्याने ठरवून दिलं होतं. म्हणजे तिथला माणूस एकाच वेळी शेतकरी आणि शपथ घेतलेला शिपाई. त्याचं उठणं हे शिपायाचं बंडही ठरतं. कोल्हापूर संस्थानात १८४४ मध्ये सामानगड-भुदरगडच्या गडकऱ्यांचं असंच होतं. चाकरीच्या जमिनी महसुली अंमलदारांच्या हाती गेल्या आणि ते उठले. आपण त्याला ‘गडकऱ्यांचं बंड’ म्हणतो आणि त्यात गडकऱ्यांचा अवमान कोणाला वाटत नाही. तित्सानच्या बाबतीत मात्र विरोधक जहागीरदार होते, तिथे ‘शेतकऱ्यांचं बंड’ लिहिणं अधिक नेमकं.

बंडाळी आणि पुंडावा हे शब्द टाळा. बंडाळी म्हणजे लांबत जाणारी अंदाधुंदी, आणि हल्ली ती पक्षाच्या तिकीटवाटपात जास्त दिसते. पुंडाव्यात दांडगाईने वसुली आहे. ‘दंगा’ही नको, १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध झाला तो दंगा, तिथे राज्यसत्तेशी सामना हा मूळ हेतू नव्हता.

माणसांसाठी ‘बंडखोर’ चालेल. ‘-खोर’ने पूर्वी डाग लागे (लाचखोर, चहाडखोर), आज या शब्दात तो फारसा उरलेला नाही. ‘उठावकरी’ कृत्रिम वाटतो. ‘बंडात सामील झालेले गावकरी’ हे लांब असलं तरी स्वच्छ आहे.

आता चुका जिथे हमखास होतात ती ठिकाणं. ‘सर्बियन गावकरी’ लिहू नका, ‘सर्ब’ लिहा. ते तेव्हाच्या सर्बियात राहत नव्हते. रोमानिया हे राज्यही तेव्हा नव्हतं, म्हणून ‘रोमानियाचे’ नको, ‘रोमानियन’ पुरे. जुन्या कागदांत सर्बांना ‘इलिरियन’ आणि रोमानियनांना ‘वालाख’ म्हटलेलं असतं. तिथल्या पलटणीचं नावच वालाख-इलिरियन होतं. तसंच उतरवलं तर वाचक चार लोकसमूह मोजेल. हे दोन समाज एकत्र कसे आले, असं कोणी विचारलं तर पलटण एक आणि चर्चही एकच, हे सांगावं: दोघेही ऑर्थोडॉक्स, आणि १८६४ पर्यंत दोघांचं धर्मपीठ स्रेममधलं कार्लोव्त्सीच होतं. सत्तेला ‘ऑस्ट्रिया-हंगेरी’ म्हणू नका, ते १८६७ पासूनचं. १८०८ मध्ये ते फ्रान्झ पहिल्याचं ऑस्ट्रियन साम्राज्य होतं.

आणि प्रदेशाचं नाव ‘बनात’ नव्हे, ‘बानात’ लिहा. ‘बनात’ म्हणजे मराठीत जाड लोकरी कापड, नाहीतर ‘बन’ची सप्तमी, ‘बनातलं बंड’ वाचून कोणालाही झाडीच दिसेल. गावाच्या नावात शेवटी ‘त्स’ आहे, म्हणून क्रुश्चित्सा, ‘क्रुश्चिका’ नाही. षष्ठी सरळ लावा: क्रुश्चित्साचं बंड, १८०८.