‘हर ट्वेल्व्ह मेन’: बारा पुरुष की बारा गडी?

प्रश्न असा आहे: ‘हर ट्वेल्व्ह मेन’ या १९५४च्या हॉलिवूडपटाचं नाव मराठीत आणायचं तर ‘तिचे बारा पुरुष’ चालेल का?

मुळीच नाही. ग्रीअर गार्सन यात मुलग्यांच्या निवासी शाळेत शिकवायला येते. तिथली ती पहिलीच बाई. नावातले ‘मेन’ म्हणजे तिच्या हवाली केलेली बारा पोरं, कौतुकाने बाप्यांच्या पंक्तीला बसवलेली. मराठीत मात्र ‘तिचा पुरुष’ म्हटलं की नवरा नाहीतर प्रियकर डोळ्यांपुढे येतो, आणि खेड्यापाड्यांत ‘तिचा माणूस’ म्हणजेही नवराच. ‘तिची बारा मुलं’ म्हणावं तर ती तिच्या पोटची होतात. ‘बाराजण’ व्याकरणात चोख बसतं (दोघे, तिघे, चौघे आणि पुढे पाचजण ते कितीही), पण त्यात लाड नाही.

हवा तो शब्द ‘गडी’. कबड्डीत सात गडी मैदानात उतरतात, क्रिकेटच्या समालोचनात ‘पहिला गडी बाद’ होतो, आणि दहा वर्षांच्या पोरालाही ‘गडी तयार आहे हं’ अशी शाबासकी मिळते. बाप्या, खेळाडू आणि सवंगडी या तिन्ही छटा एका शब्दात आहेत, आणि इंग्रजी नावातली गंमत नेमकी तीच आहे.

अडचण एकच: गडी म्हणजे नोकरही. ‘तिचे बारा गडी’ वाचून एखाद्या बागाईतदारणीच्या शेतावरची माणसं आठवतील. म्हणून ‘तिचे’ काढून ‘बाईंचे’ घालावं: ‘बाईंचे बारा गडी’. इथे अनुस्वार विसरून चालणार नाही. ‘बाईचे’ म्हणजे कुणाही बाईचे. ‘बाईंचे’ लिहिलं की आदरार्थी अनेकवचन येतं (बाई आल्या, बाईंनी पाढे घेतले), आणि शेजारी बारा पोरं असली की वर्ग आपोआप उभा राहतो. ‘मास्तरीणबाईंचे’ नको, मास्तरीण म्हणजे मास्तरांची बायकोही होते. संस्कृतने हा घोळ टाळला आहे: शिकवणारी ती आचार्या, आचार्यांची पत्नी ती आचार्यानी.

उपशीर्षकं करताना सामान्यरूप सांभाळावं: गड्याला, गड्यांना, ‘गडीला’ नव्हे. वर्गाला उद्देशून ‘मेन’ आलं, तर सरळ ‘गड्यांनो’.