वाचकांचे प्रश्न : काडतुसे घरी भरण्याविषयी

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. तेथील क्लबात तो ट्रॅप नेमबाजी (हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरण्याचा प्रकार) शिकत असून, वापरलेली बारा बोअरची काडतुसे घरीच पुन्हा भरण्याचे यंत्र घ्यावे असे त्याच्या मनात आहे. सुरुवात कशी करावी? आमच्या इंदूरच्या घरी माळ्यावर माझ्या वडिलांची काडतुसे भरण्याची जुनी अवजारे आणि बंदुकीच्या दारूचा एक बंद डबा सापडला आहे. बंदूक त्यांच्या पश्चात रीतसर जमा केलेली आहे. मुलगा सुटीवर येईल तेव्हा या अवजारांवर त्याला हात बसवता येईल काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे : नाही, आणि त्या डब्याला हातही लावू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसांचे सुटे भाग आणि ती तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि विनापरवाना दारूगोळा तयार करण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. जुनी दारू कोणत्या अवस्थेत असेल हे बाहेरून कळत नाही; म्हणून डबा उघडणे, हलवणे, उन्हात ठेवणे किंवा दारू जाळून संपवणे यांपैकी काहीही न करता जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे आणि अवजारांची माहितीही त्याच वेळी लेखी द्यावी.

आता चिरंजीवांविषयी. ते कामाच्या व्हिसावर असतील, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार त्यांना बंदूकच नव्हे, काडतुसे बाळगण्यासही मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. तेव्हा यंत्राची चौकशी करण्यापूर्वी त्यांनी तेथील वकिलाकडून आपली स्थिती तपासून घ्यावी.

त्यात अडचण नसेल, तर सुरुवात एका वेळी एकच काडतूस भरणाऱ्या साध्या यंत्रावर करावी. जुना प्रायमर (दारू पेटवणारी बुडातील छोटी टोपी) काढून काडतुसाचे पितळी बूड मापात आणणे, नवा प्रायमर बसवणे, दारू ओतणे, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधले बूच) दाबणे, छर्रे भरणे आणि शेवटी तोंडाच्या सहा किंवा आठ घड्या मिटवणे, असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर घडत असल्यामुळे चूक तिथल्या तिथे दिसते. वेगवान यंत्राचा मोह नवशिक्याने टाळावा, असे माझे ठाम मत आहे.

या कामाचा गाभा मात्र यंत्रात नसून दारू उत्पादकाच्या पुस्तिकेत आहे. तिच्यात कोणत्या कंपनीचे रिकामे काडतूस, कोणता प्रायमर, कोणता वॅड, कोणती दारू किती वजनाची आणि छर्रे किती वजनाचे, हे सारे एकत्र दिलेले असते, आणि ते जसेच्या तसे पाळावे लागते. प्रायमर बदलला, बाकी सारे तेच ठेवले, तरी नळीतील दाब बदलतो. पावणेतीन इंची बारा बोअर काडतुसासाठी तेथील मानक संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचास ११,५०० पौंड आहे; ती ओलांडली गेल्याचे बाहेरून काडतूस पाहून समजत नाही. यंत्र दारू आकारमानाने मोजते, वजनाने नव्हे. म्हणून यंत्राने टाकलेली दारू काट्यावर घालून पाहावी, प्रारंभी ओळीने दहा-बारा वेळा आणि पुढेही अधूनमधून. मेजावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा, आणि काम संपल्यावर उरलेली दारू त्याच मूळ डब्यात परत जावी. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे तेथे खाणेपिणे नको आणि उठताना हात साबणाने स्वच्छ धुवावेत. भरताना गप्पा, दूरदर्शन, फोन काहीही नको.

बचतीच्या अपेक्षेने मात्र चिरंजीवांनी यात पडू नये. बारा बोअरची सरावाची तयार काडतुसे तेथे सर्वत्र मिळत असल्याने घरी भरून फारसे काही वाचत नाही. फरक जाणवतो तो २८ किंवा ४१० सारख्या लहान बोअरमध्ये, म्हणजे अधिक बारीक नळीच्या बंदुकांच्या काडतुसांत.

इंदूरच्या मुक्कामात नेमबाजीच पाहायची असेल, तर भोपाळला मध्य प्रदेश शासनाची नेमबाजी अकादमी आहे. ट्रॅपचे प्रशिक्षण तेथे दिले जाते. तेथे जाण्यापूर्वी प्रवेशाबाबत अकादमीकडे चौकशी करावी.