घरच्या ओव्हनमध्ये सारण भरलेले मासे भाजताना आकार का बिघडतो?

आपण विचारले आहे की, माशाच्या आणि कासवाच्या आकाराच्या, सारण भरलेल्या पेस्ट्री घरी भाजताना त्या पोटाशी फुटतात, शेपटी करपते आणि बाहेर काढल्यावर प्राणी ओळखूच येत नाही, तर नेमके चुकते कुठे. मी हर्णे बंदराजवळ राहते आणि दर नारळीपौर्णिमेला तळलेल्या करंज्यांसोबत नारळाचे सारण घातलेले मासे ओव्हनमध्ये भाजते. पहिल्या वर्षी माझेही सगळे मासे पोटाशीच फुटले होते, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

दोष बहुधा आपल्या हाताच्या कसबात नसून सारणातल्या ओलाव्यात असतो. ओल्या नारळात जवळजवळ निम्मे पाणीच असते. त्यात गूळ मिसळला की तो तापल्यावर पातळ होतो, पाण्याची वाफ होते, आणि बाहेर पडायला जागा नसेल तर ती पारीच्या सर्वांत कच्च्या सांध्यातून वाट काढते. मी दोन वाट्या खोवलेल्या नारळाला पाऊण वाटी गूळ घेते, मिश्रणाचा गोळा होऊन ते कढईच्या कडा सोडेपर्यंत परतते आणि शेवटी दोन चमचे भाजलेला बारीक रवा व चमचाभर भाजून कुटलेली खसखस घालते, म्हणजे उरलासुरला ओलावा त्यात जिरतो. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पारीला लावू नये, कारण कोमट सारणानेही आतले लोणी वितळू लागते. कोळंबीचे तिखट सारण करायचे असेल तर तेही असेच कोरडे हवे. रस्सा अंगाबरोबर आटवलेली कोळंबी चवीला उत्तम असली तरी इथे उपयोगाची नाही.

आता पारीविषयी. पुष्कळजण यासाठी बेकरीतल्या खारीसारखी पापुद्र्यांची पारी घेतात, आणि माझ्या मते आकार बिघडण्याचे दुसरे मोठे कारण हेच आहे. ती पारी फुलण्यासाठीच केलेली असते. ती फुलली की आपण कोरलेले खवले, पर आणि तोंड सगळे पुसले जाते. साट्याच्या करंजीला पदर सुटलेले शोभतात, माशाच्या चेहऱ्याला शोभत नाहीत. त्याऐवजी 250 ग्रॅम मैद्यात 125 ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी रवाळ होईपर्यंत चोळावे आणि चार-पाच मोठे चमचे बर्फाच्या पाण्यात, न मळता, फक्त गोळा करून घ्यावे. खारे लोणी वापरत असाल तर वेगळे मीठ नको. आपल्याकडच्या दमट उकाड्यात लोणी हातातच पाघळते, म्हणून मी हे काम पहाटे करते आणि पोळपाटाऐवजी पालथ्या स्टीलच्या ताटावर लाटते, ज्याच्या खाली बर्फाचे तुकडे घातलेली परात असते.

पारी तीन ते चार मिलिमीटर जाड ठेवावी. कागदावर काढून कापलेला साधारण बारा सेंटिमीटरचा पापलेटाचा आकार मी ठेवणीत ठेवला आहे. तो ठेवून सुरीने दोन पाऱ्या कापते, एकीवर दीड-दोन चमचे सारण ठेवते, कडेला बोटभर जागा मोकळी सोडते, तिला दुधाचे बोट फिरवून दुसरी पारी वर दाबते. कडेला करंजीसारखी मुरड घातली तर परांचा भास आपोआप होतो. पापलेट निवडण्याचे कारण असे की तो चपटा, रुंद आणि सरळ रेषांचा आहे. बंदरावर मासे नीट न्याहाळले तर लक्षात येते की पापलेटाचे तोंड अगदी लहान असते आणि डोळा तोंडाला जवळजवळ टेकलेला असतो. तो मागे सरकला की मासा लगेच खोटा दिसू लागतो. डोळ्याला एक मिरी पुरते. पापलेटाचे खवले नजरेत भरत नाहीत, तेव्हा खवल्यांची हौस असेल तर तांबोशी करावी आणि चमच्याच्या टोकाने शेपटीकडून डोक्याकडे चंद्रकोरी उमटवत जावे.

वाफेची वाट कुठे ठेवायची, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्राण्याच्या अंगावर जिथे मुळातच फट किंवा रेघ असते, तिथेच चीर द्यावी. माशाला डोळ्यामागे कल्ल्याची चंद्रकोर असते. ती सुरीने आरपार सारणापर्यंत कापली की वाफही सुटते आणि चेहराही पुरा होतो. कासवाच्या पाठीवरच्या चौकटींच्या रेघांपैकी दोन-तीन अशाच खोल कराव्यात. ही युक्ती सुचल्यापासून माझा एकही मासा पोटाशी फुटलेला नाही.

तयार मासे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत, म्हणजे लोणी पुन्हा घट्ट होते आणि पारी भाजताना आक्रसत नाही. ओव्हन 200 अंशांवर पंधरा मिनिटे आधीच तापवावा. अंड्याचा बलक चमचाभर दुधात फेटून वरून पुसट लावावा. अंडे चालत नसेल तर नुसते दूध लावावे, रंग थोडा फिका येतो. पहिली दहा मिनिटे 200 वर आणि पुढची साधारण पंधरा मिनिटे 180 वर भाजावे. शेपटीत सारण नसते, त्यामुळे ती आधी तापते आणि आधी करपते. उष्णता कमी करताना तिच्यावर ॲल्युमिनियमच्या फॉइलची टोपी घालावी. कासवाचे पाय आणि मान यांनाही हेच लागू आहे.

भाजलेले मासे जाळीवर पूर्ण गार करूनच डब्यात भरावेत. श्रावणातल्या हवेत ते दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, पण 150 अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवले की पुन्हा खुसखुशीत होतात. मात्र सारण ओल्या नारळाचे असल्यामुळे दोन दिवसांच्या आत संपवावेत.