सॅक सगळ्यात शेवटी

प्रश्न : ताई, माझी ६५ लिटरची जुनी सॅक रिकामीच २.३ किलो भरते. दोन रात्रींच्या ट्रेकला पाणी-खाणं धरून एकूण १३ किलो होतात आणि दुसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात. तंबू (२.६ किलो) आम्हा दोघी मैत्रिणींचा, पण तो कायम माझ्याकडेच. स्लीपिंग बॅग १.७ किलोची. बिनफ्रेमची (पाठीशी आधाराची चौकट नसलेली) ६०० ग्रॅमची सॅक पाहून ठेवली आहे. घेऊ का? जुन्या सॅकचं आतलं अस्तर चिकट झालंय, त्याचं काही होईल का?
– एक वाचक

उत्तर : नका घेऊ. निदान आत्ता तरी नको.

हीच घाई मी केली आहे. हलक्या सॅकचं वेड डोक्यात शिरलं, पाचशे-सहाशे ग्रॅमची पिशवी घेतली आणि तिच्यात जुनंच अकरा किलो सामान कोंबलं. फ्रेम नसली की वजन कमरेवर उतरायला वाटच उरत नाही. पिशवी मधोमध बसते आणि सगळा भार खांद्यांवर येतो. दुसऱ्या दुपारी माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या आल्या होत्या. बिनफ्रेमच्या सॅकची माझी मर्यादा आता सात किलो, तीही फोमची मॅट घडी घालून पाठीशी सरकवली तर.

आधी घरातला वजनकाटा काढा. अर्धा तंबू मैत्रिणीला द्या (पोल आणि खुंट्या तुमच्याकडे, कापड तिच्याकडे, असं काहीही करा, पण द्या!). १.३ किलो तिथेच गेले. स्लीपिंग बॅग कधीतरी बदलणारच असाल तर किलोभराची बघा, आणखी ७०० ग्रॅम गेले. जास्तीची जीन्स आणि मोठा टॉवेल घरी ठेवलात की अर्धा किलो. झाले साडेदहा. आता १.२ किलोची, हलक्या फ्रेमची सॅक घेतलीत तर साडेनऊच्या आत याल. सामान आटल्यावरच किती लिटरची सॅक हवी ते कळतं. तुम्हाला बहुधा ४५ पुरेल. ६५ लिटरची जागा रिकामी राहत नाही, काही ना काही तिच्यात जाऊन बसतंच.

आता मापाचं. उंचीवरून सॅक घेऊ नका, पाठीवरून घ्या. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड ठळक हाताला लागतं. तिथे टेपचं एक टोक. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर असे ठेवा की अंगठे मागे येतील. त्या दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ म्हणजे दुसरं टोक. टेप मणक्याच्या वळणावरून न्यायची, म्हणून हे काम दुसऱ्याकडून करून घ्या. माझी उंची पाच फूट सात इंच, पाठ फक्त ४३ सेंटिमीटर. माझ्याहून तीन इंच बुटकी मैत्रीण ४६ भरते. मोठ्या मापाची सॅक घेऊन मी दोन वर्षं काढली. कमरेचा पट्टा जागेवर बसवला की खांद्यांचे पट्टे अधांतरी, ते खांद्यांवर बसवले की कमरेचा पट्टा मांड्यांवर.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात अर्थ नाही. आठ-नऊ किलो भरायला लावा. सगळे पट्टे सैल सोडा, कमरेचा पट्टा हाडाच्या कंगोऱ्यावर आवळा, मग खांद्यांचे. त्यांच्या वरचे छोटे पट्टे सॅककडे साधारण ४५ अंशांत जायला हवेत. मग खांद्यांचे पट्टे जरा सैल करून बघा. वजन कमरेवरच राहिलं तर सॅक तुमची. वीस मिनिटं फिरा, जिने चढा. आणि सॅक न काढता बाजूच्या खिशातली बाटली काढून परत ठेवून बघा. ठेवता आली नाही तर तुम्ही पाणी कमी प्याल, मी प्यायले आहे. पाठ मोकळी ठेवणारी ताणलेली जाळी घाम वाळवते खरी, पण वजन पाठीपासून मागे ढकलते. उतारावर मला ते आवडत नाही.

रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला.

(वजनाच्या बाबतीत हट्टी कोणी भेटलं की मला एमा गेटवुड आठवतात. १९५५ मध्ये, ६७ व्या वर्षी, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी टाकून त्या एकट्या अमेरिकेतली अख्खी अ‍ॅपलेशियन ट्रेल ही डोंगरवाट चालल्या. तीन हजार किलोमीटरहून जास्त. पण तंबूही नव्हता हो त्यांच्याकडे!)

चिकट अस्तराचं काही होणार नाही. तो पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने कुजतो, आणि सॅक दमट ठेवली की लवकर. नवी सॅक मात्र दरवेळी उलटी करून, सावलीत पूर्ण वाळवून ठेवा. जुनी टाकण्याआधी तिची बकलं कापून घ्या. पट्ट्याची रुंदी जुळली तर नव्या सॅकला चालतील, आणि कमरेचं बकल हमखास तुटतं ते सॅक खाली ठेवून कुणीतरी त्यावर पाय दिला की.